कर्मवीर भाऊराव पाटील : गणितात अडलेला विद्यार्थी, रयतेचा शिक्षक



दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी आपल्या वस्तीतील काही घरांतून पेढे वाटले जातात आणि काही घरांची दारे दुपारपासूनच लोटलेली राहतात. लोटलेल्या दारांमागे पुष्कळदा एकच विषय असतो, तो म्हणजे गणित. त्याचे दोन भाग आहेत. पहिला बीजगणिताचा, दुसरा भूमितीचा, आणि प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा. भाषेत, इतिहासात, विज्ञानात तरून गेलेले मूल येथे येऊन अडते. मग संध्याकाळपर्यंत घरात निर्णय होतो. मुलगा असेल तर त्याला गॅरेजवर किंवा चुलत्याच्या दुकानात बसवायचे, मुलगी असेल तर तिच्यासाठी स्थळ पाहायचे. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत केव्हा निघून गेली, हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

असा निर्णय घेण्यापूर्वी आपण एका माणसाचे चरित्र वाचावे, एवढीच विनंती आहे. हा माणूस आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीतला. तोही शाळेत असताना गणितात अडला होता, आणि मॅट्रिकपर्यंत पोहोचण्याआधीच त्याची शाळा संपली. पुढे त्याच माणसाने या दोन जिल्ह्यांच्या वाड्या-वस्त्यांवर इतक्या शाळा काढल्या की आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात त्या शाळांतून शिकलेले कोणी ना कोणी आहेच. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊराव मुसलमान नव्हते. ते जैन कुटुंबात जन्मले. तरीही त्यांचे चरित्र या पानांवर येणे अनुचित नाही. बद्रच्या युद्धानंतर जे कैदी खंडणी देऊ शकत नव्हते, पण लिहिणे-वाचणे जाणत होते, त्यांच्या सुटकेसाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एक अट घातली होती. त्यांनी मदीनेतील प्रत्येकी दहा मुलांना लिहिणे शिकवावे आणि मोकळे व्हावे. सीरतच्या ग्रंथांत हा प्रसंग प्रसिद्ध आहे. हे शिक्षक श्रद्धावान नव्हते, उलट काल-परवापर्यंत समोर शस्त्र घेऊन उभे होते. तरीही त्यांच्याजवळचे ज्ञान त्याज्य ठरले नाही. मग ज्याने आपल्या मुलांना आपली मुले मानून शिकवले, त्याच्या आयुष्यातून शिकण्यात संकोच कसला?

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून भाऊरावांवर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा सारखाच हक्क पोहोचतो. वडील पायगौंडा पाटील सरकारी नोकरीत होते. आईचे नाव गंगाबाई. वडिलांच्या नोकरीमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण एका गावी झाले नाही; काही काळ ते विट्याच्या शाळेतही होते. मूल अंगापिंडाने धिप्पाड, वृत्तीने बंडखोर आणि अन्याय दिसला की उसळून उठणारे होते. पुस्तकात मात्र त्याचे मन रमत नसे.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये आले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. महाराज जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करीत होते. मुसलमान मुलांचे बोर्डिंगही त्यांच्याच पुढाकाराने १९०६ मध्ये सुरू झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, तेव्हा त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर अंघोळ करूनच आत यावे, असा वसतिगृहाचा आग्रह होता. माणसाला भेटल्याने विटाळ होतो हे भाऊरावांना मान्य नव्हते. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले. त्या वसतिगृहाचे प्रमुख तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे होते. हे नाव लक्षात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे. आसरा गेलेल्या या मुलाला शाहू महाराजांनी आपल्याजवळ ठेवून घेतले.

आता गणिताची हकीकत ऐका. वर्गात भाऊरावांची गाडी गणितापाशी अडली. बीजगणिताची समीकरणे आणि भूमितीची प्रमेये त्यांच्या पचनी पडेनात. महाराजांना मुलाविषयी माया होती. त्यांनी गणिताचे शिक्षक भार्गवराम कुलकर्णी यांच्याकडे शब्द टाकला की या मुलाला वरच्या वर्गात घालावे. राजाचा शब्द म्हणजे राज्यात आज्ञाच. पण चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे शिक्षकांनी नम्रपणे आणि निक्षून उत्तर दिले : महाराजांची इच्छा असेल तर भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक आपण वरच्या वर्गात पाठवू, पण भाऊरावला पाठवता येणार नाही. महाराजांनीही त्या शिक्षकाचा मान राखला.

वाचकहो, ही हकीकत अनेकदा हसत हसत सांगितली जाते. पण तिच्यात दोन धडे आहेत आणि दोन्ही आपल्या घरासाठी आहेत. पहिला धडा शिक्षकाचा. चुकलेले गणित राजाच्या शिफारशीने बरोबर होत नाही. आपण मात्र मुलाला गुण कमी पडले की प्रथम ओळखीचा माणूस शोधतो, परीक्षा केंद्र सैल आहे का याची चौकशी करतो, कॉपीला मूकसंमती देतो. जे मूल अशा रीतीने पुढे सरकते, त्याचा फक्त बाकच पुढे सरकलेला असतो. दुसरा धडा विद्यार्थ्याच्या वाट्याचा आहे. त्या दिवशी शिक्षकांनी भाऊरावांची उत्तरपत्रिका तोलली, भाऊरावांना तोलले नाही. चुकलेले गणित म्हणजे चुकलेला माणूस नव्हे. हे अंतर आई-वडिलांना कळले नाही, तर एका विषयाच्या गुणांवर अख्ख्या आयुष्याचा निकाल लावला जातो.

भाऊरावांचे औपचारिक शिक्षण इंग्रजी सहावीपाशी थांबले. त्यानंतर त्यांनी काय केले असेल? साताऱ्यास येऊन ते खाजगी शिकवण्या करू लागले! ज्याला शाळेने पुढे जाऊ दिले नाही, तो इतरांच्या मुलांना अभ्यासात पुढे नेऊ लागला. यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. ज्याला स्वतःला एखादी पायरी चढताना धाप लागलेली असते, त्यालाच दुसऱ्याचे पाऊल कोठे अडते ते दिसते. हुशार मुलाला समीकरणाची दुसरी ओळ आपोआप सुचते, आणि मागे पडलेल्या मुलाला पहिल्या ओळीपासून दुसरीपर्यंतची वाट कोणीतरी दाखवावी लागते. आपल्या मोहल्ल्यातील जे तरुण एकदा नापास होऊन पुन्हा उत्तीर्ण झाले आहेत, ते या कामाला पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक उपयोगी आहेत.

१९१४ मध्ये भाऊरावांपुढे शाळेबाहेरची परीक्षा आली. कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. पोलिसांना या प्रकरणात लठ्ठे यांना गोवायचे होते आणि त्यासाठी भाऊरावांची खोटी साक्ष हवी होती. ज्यांच्या वसतिगृहातून आपल्याला बाहेर पडावे लागले, त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची होती. सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी नकार दिला. त्यांना तुरुंगात टाकले गेले, छळ झाला, तरी साक्ष बदलली नाही. पवित्र कुरआनने सूरह निसामध्ये श्रद्धावंतांना आज्ञा दिली आहे की न्यायावर ठाम उभे राहावे आणि साक्ष अल्लाहसाठी द्यावी, मग ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का जाईना. शिक्षकाने राजासाठी गुण बदलले नाहीत आणि विद्यार्थ्याने पोलिसांसाठी साक्ष बदलली नाही. भाऊराव त्या वर्गातून वर गेले नसतील, पण त्या शिक्षकाचा धडा त्यांच्याबरोबर आला होता.

उपजीविकेसाठी भाऊरावांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले. या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले आणि त्यांना शेतकऱ्याचे घर आतून दिसले. भूमितीचे प्रमेय सोडवताना मुले प्रथम पक्ष लिहितात, मग साध्य आणि मग सिद्धता. पक्षात जे दिलेले असते तेवढेच हाती धरायचे असते, नसलेले गृहीत धरता येत नाही. भाऊरावांना मिळालेला पक्ष असा होता : गावात शाळा नाही, आई-बापांजवळ फी नाही, एका जातीचा मुलगा दुसऱ्या जातीच्या मुलाशेजारी बसत नाही. सरकारी तिजोरी किंवा धनिकांची थैली त्या पक्षात नव्हती. साध्य मात्र मोठे होते, रयतेच्या प्रत्येक मुलाला शिक्षण.

सिद्धतेची पहिली ओळ १९१० च्या सुमारास वारणाकाठच्या दुधगावात लिहिली गेली. मिरज तालुक्यातील या गावी भाऊरावांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांचे आश्रम-वसतिगृह चालवले आणि त्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले. खर्चासाठी मुष्टिफंडाची युक्ती निघाली. घरातील बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते मुलांच्या जेवणासाठी द्यायचे. एक मूठ कोणालाच जड नसते, आणि गावातल्या सगळ्या मुठी मिळून वसतिगृहाची चूल पेटते. हा हिशेब मांडायला पदवी लागली नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. या बोर्डिंगात मराठा, जैन, महार, मांग, चांभार मुलांबरोबर मुसलमान मुलेही होती. सर्वांनी मिळून स्वयंपाक करायचा आणि एका पंक्तीत जेवायचे, असा शिरस्ता होता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या सगळ्या मुलांची आई झाल्या. धान्य संपले तेव्हा त्यांनी दागिने दिले, आणि अखेरीस गळ्यातले मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव भाऊरावांच्या नावाखाली नव्हे, शेजारी लिहावे लागते.

त्यानंतरचे काम थोडक्यात सांगतो. शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षक घडवणारे अध्यापक विद्यालय निघाले. मग ज्या वाड्यांवर कोणी शाळा काढीत नव्हते तेथे, जागा मिळेल तेथे, एकशिक्षकी व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या आणि त्यांची संख्या शेकड्यांत गेली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे फी नव्हती. मुलांनी कमवायचे आणि शिकायचे. कुदळ-फावडे हाती घेऊन मुले शेतात व बांधकामावर राबत. जे मूल पाया आखताना गवंड्याला तीन, चार आणि पाच हातांच्या दोरीने काटकोन साधताना पाहते, त्याला पायथागोरसचे प्रमेय पुस्तकात भेटते तेव्हा ते परके वाटत नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला संत गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज निघाले. १९५५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी शिक्षणशास्त्र महाविद्यालय सुरू झाले, त्याला मौलाना अबुल कलाम आझादांचे नाव दिले गेले. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी.लिट. मिळाली. मॅट्रिकही न झालेला विद्यार्थी डॉक्टर झाला. त्याच वर्षी, ९ मे रोजी ते हे जग सोडून गेले. आज त्यांच्या संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत.

आता थोडे मागे, बगदादकडे चला. कारण ज्या विषयात भाऊराव अडले आणि ज्यात आपली मुले अडतात, त्याचा आपल्या दीनशी जुना संबंध आहे. नवव्या शतकात खलीफा मामून यांच्या काळी मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी बैतुल हिकमा या ज्ञानकेंद्रात काम करताना एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातील अल-जब्र या शब्दापासूनच अल्जिब्रा हा शब्द आला. ग्रंथाच्या आरंभी समीकरणे सोडवण्याची रीत आहे आणि ती रीत त्यांनी चौरस-आयत काढून पटवली आहे, म्हणजे बीजगणित व भूमिती तेथे हातात हात घालून येतात. ग्रंथाचा मोठा भाग मात्र वसीयत आणि वारसाहक्काच्या उदाहरणांचा आहे. सूरह निसामध्ये अल्लाहने वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. ते चोख वाटायचे तर हिशेब यायला हवा.

एक सोपे उदाहरण आपल्या मुलांसमोर ठेवा. वाळवा तालुक्यातील एक शेतकरी वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. त्याचे आई-वडील हयात नाहीत. दफनाचा खर्च, कर्ज व वसीयत भागल्यावर एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन उरली. पत्नीचा हिस्सा एक-अष्टमांश, म्हणजे ५ गुंठे. उरले ३५. मुलाला मुलीच्या दुप्पट मिळते. मुलीचा हिस्सा क्ष धरला तर प्रत्येक मुलाचा २क्ष. एकूण ५क्ष बरोबर ३५, म्हणून क्ष बरोबर ७. मुलीला ७ गुंठे, प्रत्येक मुलाला १४ गुंठे. ताळा पाहा : ५, १४, १४ आणि ७ मिळून ४० होतात.

हे समीकरण आठवी-नववीच्या मुलालाही सुटते. पण आपल्या घरात ते सुटते का? बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते, आणि तिने राजीखुशीने सोडले असे गावात सांगितले जाते. तेव्हा क्षची किंमत सातावरून शून्यावर येते. गणित येऊनही ते चुकवणे ही अडलेल्या विद्यार्थ्याची चूक नव्हे, ती खोटी साक्ष आहे. आणि ज्या मुलीला आपण गणितात नापास झाली म्हणून घरी बसवले, तिला आपला हिस्सा मोजता येऊ नये अशी सोय तर आपण करीत नाही ना, हा प्रश्न प्रत्येक बापाने आणि भावाने स्वतःला एकांतात विचारावा.

अरबीत जब्र या शब्दाचा एक अर्थ मोडलेले हाड बसवणे असा आहे. समीकरणात जे वजा होऊन तुटले आहे ते भरून काढणे, म्हणून या रीतीला ते नाव मिळाले. भाऊरावांनी आयुष्यभर केले ते हेच. जे मूल जातीमुळे, गरिबीमुळे किंवा एका विषयामुळे तुटून बाजूला पडले होते, ते त्यांनी उचलून पुन्हा रांगेत बसवले. त्यांनी त्याला खोटे गुण दिले नाहीत, पुन्हा बसण्याची जागा दिली.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंदा निकालाच्या दिवशी तुमच्या घरी असे मूल असेल तर तीन गोष्टी करा. त्याच्यावर त्या दिवशी आवाज चढवू नका. पुरवणी परीक्षेचा अर्ज मुदतीत भरा. आणि मगरिबनंतरचा एक तास त्याच्यासाठी राखून ठेवा. तुम्हाला स्वतःला शिकवता येत नसेल तर मस्जिदच्या जमातीत, शेजारी, नात्यात कोणी ना कोणी जाणकार असेलच, त्याला विनंती करा. ज्यांची मुले उत्तीर्ण झाली आहेत त्यांनी आपली मूठ बाजूला काढावी. कोणाचे धान्य, कोणाची जुनी पुस्तके, कोणाचा आठवड्यातील एक तास. दुधगावच्या बायाबापड्यांना जे जमले ते आपल्याला जमणार नाही असे नाही.

अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या ज्ञानात वाढ करो, आपल्याला हिशेबात चोख आणि साक्षीत सच्चे ठेवो, आणि तुटलेल्यांना सांधणाऱ्यांत आपली गणना करो. आमीन.